निशाण साहेबांचं, गुलाब बाईंचा



गटाची अध्यक्ष बदलली की आपण भर बैठकीत शिक्का आणि वह्या नव्या बाईच्या हाती देतो. उद्यापासून कुणाचं ऐकायचं यात घोळ नको, म्हणून. अमेरिकेच्या लष्करात हेच काम पलटणीचं निशाण करतं. पूर्वी लढाईत बंदुकांच्या धुरानं माणूस दिसत नसे, तेव्हा शिपाई निशाण पाहून एकत्र येत. म्हणून पलटणीचा प्रमुख बदलतो तेव्हा ते निशाण हातोहात फिरतं. सर्वांत ज्येष्ठ सार्जंट ते जाणाऱ्या प्रमुखाला देतो, तो वरिष्ठ साहेबांना, साहेब नव्या प्रमुखाला, आणि नवा परत सार्जंटला. सगळी पलटण समोर उभी राहून हे पाहते.

पाहुण्यांत दोघांच्या बायकाही असतात. जाणाऱ्याच्या पत्नीला लाल गुलाब आणि येणाऱ्याच्या पत्नीला पिवळे, बहुधा कळ्या, द्यायची प्रथा आहे. या बाईकडे शिक्का नाही, वही नाही, पगार तर नाहीच. मग गुलाब कशाबद्दल?

१९६५ सालची गोष्ट सांगते. हॅल मूर नावाचे अधिकारी पलटण घेऊन व्हिएतनामच्या युद्धावर गेले होते. त्यांच्या पत्नी ज्युलियाबाई मुलांना घेऊन जॉर्जिया राज्यात, फोर्ट बेनिंग छावणीजवळच्या कोलंबस शहरात राहत होत्या. नोव्हेंबरात इया द्रांगच्या खोऱ्यात मोठी लढाई झाली आणि घरोघरी मृत्यूच्या तारा येऊ लागल्या. त्या पोचवायला लष्कराची माणसंच नव्हती. टॅक्सीवाले तारा वाटत होते! एक टॅक्सीवाला तर पत्ता विचारायला ज्युलियाबाईंच्याच दारात आला. दार उघडताना त्यांना काय वाटलं असेल, ते ज्यांचं माणूस सीमेवर आहे त्यांनाच कळेल. मग त्या टॅक्सीच्या मागोमाग त्या घरांत जाऊ लागल्या. विधवांजवळ बसल्या, अंत्यविधींना गेल्या. वर तक्रारही केली. पुढे लष्करानं पद्धतच बदलली. अशी बातमी गणवेशातल्या अधिकाऱ्यानं घरी जाऊन सांगायची, सोबत धर्मगुरू.

पण या कामाला दुसरी बाजू होती. बायको चहापानाला येते का, सेवेची कामं करते का, हे नवऱ्याच्या बढतीच्या वेळी पाहिलं जाई. बाईनं नोकरी धरली, तर नवऱ्याला ऐकून घ्यावं लागे. १९८७ च्या सुमारास हवाई दलातल्या काही बायकांनी याविरुद्ध तोंड उघडलं. १९८८ मध्ये संरक्षण खात्याचा आदेश निघाला, की पत्नीनं नोकरी करायची, शिकायचं की सेवा करायची, हे तिचं ती ठरवेल. साहेबांनी आड यायचं नाही. मला विचाराल, तर त्यानंतरच तो गुलाब मानाचा झाला. आधी त्यात थोडी वेठ होती.

ज्युलियाबाई २००४ मध्ये गेल्या. त्यांना फोर्ट बेनिंगच्याच दफनभूमीत पुरलं. २०२३ मध्ये त्या छावणीला हॅल आणि ज्युलिया या दोघांवरून फोर्ट मूर नाव दिलं गेलं. २०२५ मध्ये ते काढून पुन्हा बेनिंग केलं.