आखूड शिंगांचा नंदी

आमच्या घरी एक लाकडी बैल आहे. वीतभर उंच, चार चाकांवर उभा. पांढऱ्या रंगाचे इतके थर त्याच्यावर चढलेत, की वशिंडाजवळ टवका उडाला तर आतले जुने रंग झाडाच्या सालीसारखे दिसतात. तान्ह्या पोळ्याला आळीतल्या मुलांचे नंदी रांगेत लागले, की आमचा त्यांत लगेच ओळखू येतो. बाकीच्यांची शिंगे लांब, कमानदार, टोकाला बेगड लावलेली. आमच्याची जेमतेम दोन बोटे, मागे किंचित झुकलेली. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. शिंगे मोडल्यावर कुणीतरी तासून ठेवली असावीत, अशी माझी समजूत होती.

पुढे कळले, ती मोडलेली नव्हती. आष्टी, आर्वी आणि कारंजा (घाडगे) हा पट्टा गवळाऊ जनावरांचे माहेर. अंगाने पांढरी, बैल मानेशी आणि वशिंडाशी राखाडी, तोंड लांब आणि निमुळते, बांधा हलका, चाल दुडकी आणि शिंगे आखूड. आमच्या नंदीच्या सुताराने चित्र पाहून बैल केलेला नव्हता. त्याच्यासमोर बैल उभा होता.

या एका गोष्टीमुळे मी गेली बारा-तेरा वर्षे लोकांच्या माळ्यांवर चढतो आहे. माझे शिक्षण बी. कॉम. आणि पोटापाण्याला कृषी केंद्र. बी-बियाणे, खते, तणनाशके विकतो. तणनाशक विकणाऱ्याने डवऱ्याच्या बैलांवर लेख लिहावा यातली विसंगती मला कळते. वाचकांनी ती ध्यानात ठेवूनच पुढे वाचावे.

पोळा म्हणजे बैलांचा सण, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामागचे हातकाम मात्र श्रावण अमावास्येच्या बरेच आधी सुरू व्हायचे. शेताच्या धुऱ्यावर अंबाडी पेरलेली असे. पावसाळा संपल्यावर ती कापायची, पेंढ्या बांधून पाण्यात कुजवायच्या, सोलून वाख काढायचा आणि तो आढ्याला टांगून ठेवायचा. पुढच्या आषाढ-श्रावणात झड लागली, शेतात पाय टाकता येईना, की ओसरीत बसून त्याचे दोर वळायचे. कासरा, म्होरकी, वेसण सगळे घरचे. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या नाकात जी नवी वेसण दिसे, ती मागच्या वर्षीच्या पावसावर वाढलेली आणि या वर्षीच्या पावसात वळलेली असे. सुताराचा हंगाम याच्या आधीचा. वखर, डवरे, तिफन दुरुस्त करून देण्याचे काम मृगाच्या आत संपायचे; पेरणी उरकल्यावर त्याचा हात मोकळा होई आणि उरल्यासुरल्या तुकड्यांतून मुलांचे नंदी निघत. कुंभार मातीचे बैल करी, ते ज्यांच्या दारात जनावर नाही त्यांच्यासाठी. चांभाराकडून घुंगरांचे पट्टे येत. या सगळ्यांचा मोबदला धान्यात, सुगीला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी. जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यावर कोमट पाणी घालायचे, हळद आणि तूप चोळायचे, आणि बैलाच्या कानाशी जाऊन त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण द्यायचे. मला या सणातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. इथे भटजी लागत नाही, मंत्र नाही, मुहूर्त विचारावा लागत नाही. ज्याने वर्षभर खांदा वापरला, त्यानेच तो शेकायचा. पोळ्याला धार्मिक सण म्हणावे की नाही, यावर आमच्या वाचनालयात एकदा तास-दीड तास वाद झाला. नंदी महादेवाचा, म्हणून धार्मिक, असे एकाचे म्हणणे. मी म्हटले, महादेवाचा नंदी बसलेला असतो. आमचा उभा असतो आणि त्याच्या खांद्याला घट्टे असतात.

याचा अर्थ हा सण सगळ्यांचा सारखाच होता असे नाही. तोरणाखाली मानाची जोडी पाटलाची. तोरण तुटल्यावर बैल दारोदार फिरवायचे आणि बोजारा घ्यायचा, तेही सालदाराने. ज्या बैलामागे तो वर्षभर राबला तो बैल त्याचा नसे. आणि ज्याने जू केले, नंदी केला, त्या सुताराच्या घरी बहुधा खऱ्या बैलाचे शेपूटही नसायचे.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. तो सुरू करण्याचे श्रेय नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांना देतात. त्यांची कारकीर्द १७८८ ते १८१६. मुलांना बैलाचे महत्त्व कळावे म्हणून राजाने लाकडी बैल करवून वाटले, अशी ही कथा. आमच्या जिल्ह्यात सिंदी (रेल्वे) येथला तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. तिथले नंदी माणसापेक्षा उंच असतात आणि पाहायला आजूबाजूची गावे लोटतात. राजाच्या कथेशी माझे भांडण नाही. पण आमच्या नंदीची कथा राजापासून सुरू होत नाही, नागपंचमीपासून होते.

१६ ऑगस्ट १९४२, रविवार. त्या दिवशी आष्टीच्या पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, आंदोलक मारले गेले. चिडलेल्या जमावाने ठाणे पेटवले, पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चिमूरलाही उठाव झाला, आणि पुढे दोन्ही गावांची नावे जोडूनच घेतली जाऊ लागली. फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. त्या रद्द व्हाव्यात म्हणून अनसूयाबाई काळे यांनी केलेली धडपड विदर्भाला ठाऊक आहे. हा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. मला त्यातली तिथी महत्त्वाची वाटते. नागपंचमीला आमच्याकडे माती खोदत नाहीत, काही चिरत-कापत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत. डवरणीचे दिवस असले तरी डवरे त्या दिवशी गोठ्याच्या भिंतीला टेकून असतात. म्हणजे ऐन हंगामात सबंध पंचक्रोशीतला बापया रिकामा असा तो दिवस. एवढी माणसे त्या दिवशी गावात आली, त्यामागे देशभक्ती होतीच. पण पाय मोकळे होते ते नागोबामुळे, असा माझा तर्क आहे. आजही आष्टीत हुतात्म्यांची आठवण नागपंचमीला निघते. नागोबाला लाह्या वाहणारे हात त्याच सकाळी स्तंभाला फुले वाहतात आणि कुणालाच त्यात काही वेगळे वाटत नाही.

आता आजीची गोष्ट. आजी सांगे, ठाणे जळाल्यावर धरपकड सुरू झाली आणि आजोबा तिसऱ्या रात्री घरातून गेले. एकटे नाही, जोडी घेऊन गेले, डोंगराकडच्या नात्यातल्या माणसांकडे. दंड बसेल, जप्ती येईल आणि बैल जातील, ही भीती. घरात आजी, माझे वडील वय वर्षे सहा, आणि दोन लहान आत्या. पोळा आला तेव्हा गोठा रिकामा. खांदशेकणीच्या संध्याकाळी आजीने सवयीने पाणी तापवत ठेवले, आणि मग ते घेऊन कुठे जावे तिला कळेना. शेजारचा सुतार हे पाहत होता. त्याने त्या रात्री मोडक्या तिफणीच्या लाकडातून हा नंदी कोरला. आमच्या जोडीतल्या उजव्या बैलाचा, कारण त्याचे जू यानेच बसवले होते, त्याची मान त्याच्या हाताला पाठ होती. आजीने सकाळी त्या लाकडी खांद्याला हळद-तूप लावले, पुरणपोळीचा घास दाखवला. तोरणाखाली ती गेली नाही. दारातच ओवाळले.

घरच्या गोष्टी गोड असतात म्हणून मी ही तपासून पाहिली. त्या वर्षीचा पोळा १० सप्टेंबरला पडतो, नागपंचमीनंतर पंचविसाव्या दिवशी. आजी ‘महिना भरला नव्हता’ म्हणायची, ते जुळते. लाकूड सागाचे आहे आणि पोटाखाली जुन्या खाचेचे अर्धे भोक दिसते, म्हणजे ते आधी कुठल्यातरी अवजारात होते. चाके मात्र नंतरची. यावरून मला वाटते, हा नंदी झाला तेव्हा ओढत न्यायचे खेळणे म्हणून झालाच नव्हता. तो बदली बैल होता. गोठ्यातला परत आल्यावर त्याला चाके लागली आणि तो वडिलांच्या हाती गेला.

त्याच काळात, आमच्यापासून फार लांब नाही, वर्ध्याला माणसे हाताच्या कामालाच विधीचे रूप देऊ पाहत होती. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, कुमारप्पा मगनवाडीत आले, ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी मगन संग्रहालय उघडले. सामुदायिक कताईला सूत्रयज्ञ म्हणत. गांधीजींच्या अस्थी पवनारला धाम नदीत विसर्जित झाल्या त्या १२ फेब्रुवारीला सूतांजली सुरू झाली: स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी, ६४० तार, वाहायची. ना मूर्ती, ना पुजारी. कल्पना निर्मळ आहे, मी स्वतः एकदा वाहून आलो आहे. तरी ती आमच्या गावापर्यंत पोचली नाही. इथे कापूस पिकायचा आणि गाडीत भरून आर्वीच्या बाजाराला जायचा. चरखा त्याच्या वाटेत कुठे आलाच नाही. गाडी ओढणारा बैल आला. विनोबांनी १९५० च्या सुमारास पवनारला ऋषिशेतीचा प्रयोग केला, त्यात बैलही नको, सगळे हातांनी. आम्ही बैल सोडले ते व्रत म्हणून नव्हे, हप्त्यांवर.

जमनालाल बजाजांनी १९४१ मध्ये गोसेवेचे काम अंगावर घेतले, गवळाऊ सुधारण्याचे प्रयत्न झाले, हेटीकुंडीला सरकारी पैदास केंद्र आजही आहे. पण पैदास टिकवणे वेगळे आणि काम टिकवणे वेगळे. ज्वारी जाऊन सोयाबीन आले, तसा कडबा गेला. कडबा गेल्यावर बैल पोसणे महाग पडू लागले. डवऱ्याचे काम तणनाशकाने घेतले, ते मी विकले. ज्वारी गेल्याचा फटका भुलाबाईलाही बसला: कोजागिरीला तिच्या मखरासाठी ज्वारीचे पाच धांडे लागतात, ते आता मुलींचे वडील मोटारसायकलवर तीन गावे फिरून आणतात. आमची शेवटची जोडी थोरल्या भावाने विकली त्या वर्षी अंबाडी पेरायचे कारण उरले नाही. दोर नायलॉनचे आले होतेच.

माळ्यांवर चढून मी आतापर्यंत ४१ जुने नंदी मोजले. घरच्यांच्या सांगण्यावरून वयाचा अंदाज बांधला; ही काही प्रयोगशाळेतली मोजणी नाही. जुन्यांत, आजोबा-पणजोबांच्या काळातले म्हणून दाखवले गेलेले, शिंगे बहुतेक आखूड. तोंड निमुळते. एकाची तर पोळी, म्हणजे गळ्याखालची लोंबती कातडी, सुताराने इतकी नेमकी कोरली आहे की मालकाने बैलाचे नावही सांगितले. वडिलांच्या पिढीपासून शिंगे वाढू लागतात. अलीकडचे सगळे बाजारातून आणलेले, एका साच्याचे, लांब शिंगांचे, आणि तोंड असे की बैल आहे एवढेच कळते. कुणाचा आहे, कुठला आहे, ते कळत नाही. कारागिरी ढासळली असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बाजारचे नंदी हाताला गुळगुळीत लागतात, रंगही टिकतो. ते करणाऱ्याने बैलाच्या मानेवर जू बसवलेले नाही, एवढाच फरक.

मागच्या वर्षी आमच्या गावच्या पोळ्याला तोरणाखाली सात जोड्या आल्या. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला नंदी साठाच्या वर. चांगली सजावट करणाऱ्याला बक्षीस होते. भावाच्या नातीने, वय वर्षे आठ, आमचा नंदी हट्टाने नेला. बक्षीस मिळाले नाहीच, वर एका पोराने विचारले, ‘याचे शिंगं कायले तोडले वो?’ ती रडत घरी आली. मी तिला सांगितले की तोडले नाहीत, आपल्याकडच्या बैलांचे एवढेच असतात. तिचा विश्वास बसला नाही. तिने असा बैल पाहिलेलाच नव्हता.

‘मग दाखव,’ ती म्हणाली.

दुकानाला कुलूप लावून मी तिला गाडीवर पुढे बसवले. डोंगराकडच्या एका वस्तीवर गवळ्यांची काही घरे आहेत, तिथे अजून जनावरे राखतात असे ऐकून होतो. पोचलो तेव्हा दुपार. घरात म्हातारी एकटी होती. जनावरे रानात गेली आहेत, दिवस मावळायला येतील, म्हणाली. तिने आम्हाला ताक दिले. नात नंदी मांडीवर घेऊन वाटेकडे तोंड करून बसली.