विटाळ आणि विष : सडके धान्य कोणाच्या वाट्याला?

अलीकडे एक युक्तिवाद वारंवार कानावर येतो. सोवळे-ओवळे, शिवाशिव, कोणाच्या हातचे खायचे आणि कोणाच्या हातचे नाही, हे सगळे म्हणे आपल्या पूर्वजांचे आरोग्यशास्त्र होते! जंतूंचा शोध लागण्याआधीच त्यांना संसर्ग कळला होता, म्हणून त्यांनी अंतर ठेवायला सांगितले. कोरोनाच्या काळात तर हा युक्तिवाद फारच जोरात चालला. शिकलीसवरलेली माणसे तो करतात आणि आपल्यातली काही मुले तो ऐकून गप्प बसतात. त्यांना वाटते, विज्ञानाचे नाव घेतले आहे, आता काय बोलणार?

बोलण्यासारखे पुष्कळ आहे. अन्नपाण्यातील विष आणि रोगजंतू शोधण्याचा जो खरा इतिहास आहे, तोच या दाव्याच्या विरोधात साक्ष देतो. ती साक्ष आपण नीट वाचली पाहिजे.

सुरुवात दोन तळ्यांपासून करू. पहिले तळे कलकत्त्याचे. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख पटकीचा शोध घेत १८८३च्या डिसेंबरात तिथे आला. १८८४च्या सुरुवातीला त्याला शहरातल्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. त्या तळ्यात लोक आंघोळ करीत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत. रोग्याच्या विष्ठेतले जंतू पाण्यात जातात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातात, हे भारतातल्याच एका तळ्याने दाखवून दिले. पुढच्याच वर्षी, १८८५ साली, थिओडोर एशरिश या डॉक्टरने आतड्यात राहणारा एक जंतू ओळखला. आज आपण त्याला ई. कोलाय म्हणतो. हा जंतू पाण्यात सापडला की त्या पाण्यात माणसाची किंवा जनावराची विष्ठा मिसळली आहे असे समजतात. पाणी पिण्यालायक आहे की नाही हे ठरवायला ही कसोटी आजही वापरली जाते.

दुसरे तळे आपल्याला पाठ आहे. महाडचे चवदार तळे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला होता आणि महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यानंतर सनातन्यांनी काय केले? १०८ घागरी पाणी उपसून काढले, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवले, मंत्र म्हटले आणि ते सगळे तळ्यात परत ओतले. तळे शुद्ध झाले!

कॉखच्या शोधाला तेव्हा ४३ वर्षे झाली होती. ज्या शेणामुळे प्रयोगशाळेने पाणी दूषित ठरवले असते, तेच शेण पाणी शुद्ध करण्यासाठी ओतले गेले. आणि ज्या ओंजळीने पाण्याचे काहीही बिघडत नव्हते, ती ओंजळ विटाळ ठरली. हेच का ते आरोग्यशास्त्र? त्याच तळ्यावर जनावरे पाणी पीत होती, अन्य धर्मांचे लोक पाणी भरीत होते. त्याने विटाळ होत नव्हता. आरोग्याचा नियम वस्तूकडे बघतो. हे पाणी गढूळ आहे का, हे अन्न शिळे आहे का, शिजवणाऱ्याने हात धुतले आहेत का, असे तो विचारतो. विटाळाचा नियम माणसाचा जन्म विचारतो आणि तिथेच थांबतो. जन्म कितीही साबण लावला तरी धुतला जात नाही.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्या ग्रंथात अन्नाबद्दल काय लिहिले आहे ते एकदा उघडून वाचावे. चौथ्या अध्यायात कोणाकोणाचे अन्न खाऊ नये याची लांबलचक यादी आहे. त्यात सुतार आहे, लोहार आहे, सोनार आहे, आणि वैद्यसुद्धा आहे! रोग बरे करणाऱ्या माणसाचे अन्न ज्या शास्त्राला पुवासारखे वाटते, त्याला आरोग्यशास्त्र कसे म्हणायचे?

पण त्याहून महत्त्वाचा श्लोक दहाव्या अध्यायातला, १२५वा. सेवा करणाऱ्या शूद्राला काय द्यावे हे तिथे सांगितले आहे. उष्टे अन्न, जुनी वस्त्रे, जुने सामानसुमान आणि धान्यातले पोचट, टाकाऊ दाणे. म्हणजे वाईट धान्य कोणते हे ग्रंथकर्त्याला कळत होते. ते फेकून द्या असे त्याने सांगितले नाही. ते कोणाला द्यायचे हे सांगितले. हा श्लोक लक्षात ठेवा, कारण अशा टाकाऊ धान्यात नेमके काय असू शकते, ते विसाव्या शतकातल्या प्रयोगशाळांनी मोजून दाखवले.

पहिले उदाहरण लाखेच्या डाळीचे. विदर्भात हिला लाख, लाखोळी म्हणतात, मध्य प्रदेशात तिवडा, उत्तरेत खेसरी. पाऊस कमी पडो वा शेतात पाणी साचो, बाकीची पिके गेली तरी हे पीक तगते. म्हणून ते गरिबांचे पीक. ही डाळ सतत खाल्ली की पायातली ताकद जाते, माणूस आधी काठीवर येतो आणि शेवटी रांगू लागतो. हे आपल्याकडे जुने माहीत होते. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथातही या कडधान्याचा लंगडेपणाशी संबंध जोडला आहे. १८३०च्या सुमारास सागर भागात गहू बुडाला आणि लोकांना याच कडधान्यावर दिवस काढावे लागले. त्यानंतर धडधाकट तरुण पायांनी अधू होत गेले, असे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे.

१९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सरमा या शास्त्रज्ञांनी या डाळीतले चेतातंतूंवर परिणाम करणारे विष वेगळे काढले. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनीही त्याच वर्षी ते काढले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिले तर विषाचा मोठा भाग निघून जातो हे दाखवले. पुढे कमी विषाचे रतन, प्रतीक, महातिवडा असे वाणही तयार झाले. हे काम मोठे आहे आणि त्याचे श्रेय त्या शास्त्रज्ञांना दिलेच पाहिजे.

पण याच संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे आली. भाकरी-भाताबरोबर वाटीभर लाखेचे वरण खाणाऱ्याला सहसा काही होत नाही. दोन-तीन महिने जेवणाचा मोठा भाग तीच डाळ असली तर पाय जातात. मग दोन-तीन महिने तीच डाळ कोण खातो? मध्य प्रदेशातल्या रीवा-सतना भागात याचे उत्तर मिळाले. तिथल्या वेठबिगार मजुरांना मजुरी पैशात नव्हे, धान्यात मिळे आणि त्या धान्यात मुख्यतः ही डाळ असे. डाळ पिकवणारा तोच, खाणारा तोच, लंगडा होणाराही तोच. १९६१ साली अन्नभेसळ कायद्याखाली या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. पण विक्रीवरची बंदी मजुराला काय उपयोगाची? त्याने डाळ विकत घेतलेलीच नव्हती, ती त्याच्या पदरात टाकली जात होती. वेठबिगारी संपवणारा कायदा यायला १९७६ साल उजाडले.

हे फक्त आपल्याकडेच घडले असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात व्हापनियार्का इथल्या छावणीत रोमानियाच्या राजवटीने ज्यू कैद्यांना जनावरांच्या चाऱ्यासाठी ठेवलेले हेच कडधान्य खायला घातले. काही महिन्यांत शेकडो कैदी अधू झाले. आर्थर केसलर हा डॉक्टर स्वतः त्या छावणीत कैदी होता. त्याने रोगाचे कारण ओळखले. छावणीतला कैदी आणि रीवाचा वेठबिगार यांच्यात साम्य कोणते? ताटात काय पडावे हे ठरवण्याचा अधिकार दोघांनाही नव्हता.

दुसरे उदाहरण बुरशीचे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की कोंबड्या एकाएकी मेल्या. शोध घेतला तेव्हा त्यांच्या खाद्यातली ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड बुरसटलेली निघाली. वर्षभराच्या आसपास अस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीचे विष हाती लागले. त्याला अफ्लाटॉक्सिन असे नाव मिळाले. अतिनील प्रकाशात ते निळे-हिरवे चमकते, त्यामुळे ते ओळखता येते. ते यकृतावर घाला घालते आणि त्याने कॅन्सरही होतो. कोंबड्यांच्या धंद्यात पैसा होता, म्हणून प्रयोगशाळा झपाट्याने कामाला लागल्या.

त्यानंतर चौदा वर्षांनी, १९७४च्या अखेरीस, राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल या भिल्ल आदिवासींच्या जिल्ह्यांत माणसे पिवळी पडू लागली. आधी ताप आणि ओकाऱ्या, मग कावीळ, पोटात पाणी, पायांना सूज. घरातली कुत्रीसुद्धा तशीच मरत होती. राष्ट्रीय पोषण संस्थेचे कृष्णमाचारी, भट आणि त्यांचे सहकारी तिथे पोचले. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १९७५ साली त्यांचा अहवाल आला. ३९७ रुग्ण, १०६ मृत्यू. कारण मका. काढणीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला होता, कणसे ओली राहिली आणि बुरसटली. त्या मक्यात किलोमागे ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन होते. पुढे अनेक वर्षे भारतात अन्नपदार्थांसाठी किलोमागे ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा होती. तिच्याशी ताडून पाहिले तर हे प्रमाण दोनशे ते पाचशे पट भरते.

इथे कोणा मालकाने सडका मका मजुरीत दिला नव्हता. तो त्यांच्याच शेतातला होता. मका बुरसटलेला आहे हे डोळ्यांना दिसते. तरीही तो खाल्ला गेला, कारण घरात दुसरे धान्य नव्हते. कुत्र्याची आणि माणसाची भाकरी एकच होती. इंग्लंडच्या कोंबड्यांमुळे जे ज्ञान जगाला मिळाले, ते चौदा वर्षांत बांसवाड्याच्या झोपडीपर्यंत पोचले नाही. पुढे तीस वर्षांनी, २००४ साली, केनियात बुरसटलेल्या मक्यानेच ३१७ माणसे आजारी पडली, १२५ मेली. तीही गरीब शेतकरी कुटुंबेच होती.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. शतकानुशतके या देशाने अन्नाला कोणाचा हात लागला याची चौकशी केली. अन्नात काय आहे ही चौकशी प्रयोगशाळेने केली, आणि विष जात बघून शिरत नाही हे तिने सिद्ध केले. बुरशीला ओलावा लागतो, पटकीला घाण पाणी लागते. मात्र ते विष कोणाच्या ताटात पोचते हे समाजरचना ठरवते. या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या तरच सत्य पूर्ण होते. नुसते विज्ञान सांगणारा माणूस वेठबिगारी विसरतो. नुसती परंपरा सांगणारा तर दोन्ही लपवतो.

बाबासाहेबांना हे कळले होते. महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे अन्न सोडा असे बजावले. ते विटाळ म्हणून नव्हे, तर त्यामागे लाचारी होती म्हणून. आणि केवळ उपदेश करून ते थांबले नाहीत. १९२८ साली त्यांनी विधिमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. दारोदार फिरून बलुते आणि भाकर गोळा करण्याऐवजी कामाचा मोबदला रोख मिळावा ही त्यामागची दिशा होती. रोख मोबदला हातात आला की माणूस बाजारात उभा राहून हे धान्य नको, ते द्या असे म्हणू शकतो. अन्नसुरक्षेची पहिली पायरी हीच आहे.

आज वेठबिगारी कायद्याने गेली, वतन गेले. राज्यघटनेच्या ४७व्या कलमाने पोषण आणि सार्वजनिक आरोग्य ही राज्याची जबाबदारी ठरवली. २००६चा अन्नसुरक्षा व मानके कायदा आहे, २०१३चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा आहे. पण रेशन दुकानात आलेला गहू, तांदूळ, मका बुरशीसाठी तपासला गेला का, हे कार्डधारकाला कोण सांगतो? आश्रमशाळेच्या कोठारात धान्य जमिनीवर पडले आहे की फळीवर, हे कोण बघतो? शाळेत दलित बाईने शिजवलेली खिचडी मुलांना खाऊ देणार नाही म्हणणारे पालक अजूनही बातम्यांत दिसतात. त्या खिचडीतला तांदूळ कसा आहे, हे विचारायला मात्र ते कधी येत नाहीत.

तो प्रश्न आपण विचारायचा आहे. प्रत्येक गावातल्या कार्यकर्त्याने रेशनच्या धान्याचा नमुना तपासून मागावा, निकाल दुकानाच्या फळ्यावर लावून घ्यावा, शाळेच्या पोषण आहाराचे कोठार उघडून बघावे. आणि कोणी सोवळ्याला आरोग्यशास्त्र म्हणाले, तर त्याला कलकत्त्याचे तळे, महाडच्या १०८ घागरी आणि बांसवाड्याचा मका यांची गोष्ट सांगावी.

जय भीम!