गांधीजींचे बुजरेपण आणि सामाजिक चिंतेची संकल्पना : एक ऐतिहासिक विचार

चारचौघांत बोलण्याची धास्ती ही अवस्था जुनीच. वैद्यकशास्त्राने तिला दिलेले स्वतंत्र नाव मात्र अलीकडचे आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १९०३ मध्ये सामाजिक प्रसंगांच्या भीतीचा वेगळा निर्देश केला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत 'सामाजिक भयगंड' ही नोंद १९८० मध्ये आली, तर 'सामाजिक चिंता विकृती' हे नाव १९९४ च्या आवृत्तीत तिला जोडले गेले. प्रस्तुत लेखात या संकल्पनेच्या संदर्भात तरुण मोहनदास गांधींच्या काही प्रसंगांचा विचार केला आहे.

लंडनमध्ये (१८८८-९१) गांधीजी शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीचे सभासद होते. संततिनियमनाचा पुरस्कार केल्याबद्दल डॉ. ॲलिन्सन यांना मंडळातून काढण्याचा प्रस्ताव आला. ॲलिन्सन यांची मते गांधीजींना मान्य नव्हती, तरी त्यासाठी त्यांना काढणे अन्यायाचे वाटत होते. त्यांनी आपले म्हणणे कागदावर उतरवले. पण ते वाचण्याचेही धैर्य झाले नाही व अध्यक्षांनी ते दुसऱ्याकडून वाचवून घेतले. येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. मताचा अभाव नव्हता, भाषेचाही नव्हता; अडत होते ते केवळ उभे राहून बोलणे.

मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टातील प्रसंग अधिक गंभीर आहे. बॅरिस्टर होऊन आल्यावर ममीबाई यांच्या खटल्यात तीस रुपये फी घेऊन ते प्रतिवादीतर्फे उभे राहिले. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची होती. डोके गरगरू लागले, एकही प्रश्न सुचेना, आणि ते खाली बसले. पटेल नावाच्या वकिलाला एक्कावन्न रुपये देऊन खटला सोपवण्यात आला. पक्षकार जिंकली की हरली हे पाहण्यासही ते थांबले नाहीत. दक्षिण आफ्रिकेला जाईपर्यंत ते पुन्हा कोर्टात उभे राहिले नाहीत. दरम्यान पंचाहत्तर रुपयांच्या शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला, तोही पदवी नसल्याने नाकारला गेला. अखेर राजकोटला अर्ज-विनंत्यांचे मसुदे लिहून त्यांनी उपजीविका केली. लेखणीला अडचण नव्हतीच!

पुढील वाटचालही सरळ रेषेची नाही. १८९३ मध्ये प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांपुढे व्यवहारातील सचोटीवर ते बोलले. परंतु सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या जाहीर सभेत, फिरोजशहा मेहता अध्यक्षस्थानी असताना, लिहून आणलेले भाषण हाती असूनही ते थरथरू लागले. आवाज पोहोचेना. प्रथम केशवराव देशपांडे वाचण्यास उभे राहिले. श्रोत्यांनी 'वाच्छा, वाच्छा' असा पुकारा केल्यावर दिनशा वाच्छांनी ते वाचले.

या साऱ्याचे साधन म्हणजे 'नवजीवन'मधून १९२५ ते १९२९ या काळात प्रसिद्ध झालेली आत्मकथा. घटनांनंतर सुमारे तीस वर्षांनी लिहिताना गांधीजी बुजरेपणाला आपली ढाल म्हणतात. त्यामुळे शब्दांची काटकसर शिकलो असे त्यांना वाटते. हा निष्कर्ष यशस्वी माणसाचा आहे, हे अभ्यासकाने विसरू नये. राजकोटच्या मसुद्यांपाशीच ज्याची वकिली संपली असती, त्याने आत्मकथा लिहिली नसती. प्रस्तुत लेखकास या प्रसंगांवरून गांधीजींना आजच्या निदानाचे लेबल लावणे अनुचित वाटते, कारण तपासणीवाचून असे निदान करता येत नाही. तथापि या भीतीने पडलेला खर्च मोजता येतो : एक खटला, परत द्यावी लागलेली तीस रुपयांची फी, आणि मुंबईतील वकिलीचा थांबलेला आरंभ.