माळवदाखालचा गारवा

श्रोतेहो, लातूर-धाराशिवकडे उन्हाळ्यात चार दिवस काढलेल्या माणसाला माळवदाची थोरवी सांगावी लागत नाही. बाहेर डोळे दिपवणारे ऊन, आणि उंबरठा ओलांडला की माठाला हात लावल्यासारखा गारवा. त्यात जादू नव्हती. दगडमातीची भिंत अडीच-तीन फूट रुंद. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फूट-दोन फूट पांढऱ्या मातीचा थर. एवढे वजन तापायला अख्खा दिवस जातो. दुपारचे ऊन आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र होते, आणि तेव्हा माणसे माळवदावर अंथरूण टाकून चांदण्या मोजत असतात! खिडक्या लहान, म्हणून झळ आत येत नसे. उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी छतातच झरोका.

पावसाळ्याआधी, घर गळू नये म्हणून, माळवदावर नवी माती टाकायची. जुनी मात्र सहसा कुणी काढत नसे. पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरचे ओझे वाढत गेले.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन. थकलीभागली माणसे घरात झोपलेली. त्या रुंद भिंती म्हणजे दगडाचे दोन पदर आणि मध्ये चिपा-मातीची भर. पदर एकमेकांना बांधणारा आरपार दगड क्वचितच. धक्क्यासरशी पदर सुटले, माळवद खाली आले. हजारो माणसे गेली. याचा सगळा दोष मातीच्या माथी मारतात, ते मला पटत नाही. दोष सांध्यांचा होता, साठलेल्या ओझ्याचा होता.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसली, सिमेंटची घरे आली. माती पुन्हा डोक्यावर घ्यायला लोक धजेनात. ज्यांनी ती रात्र पाहिली त्यांना कोण काय बोलणार? पण चार-पाच इंची स्लॅबमधून ऊन संध्याकाळच्या आतच खाली उतरते, आणि पंखा तीच गरम हवा अंगावर ढकलतो.

उभ्या राहिलेल्या माळवदांसाठी तज्ज्ञांचा उपाय साधा होता : जादा माती उतरवा, भिंतीत आरपार सांधे घाला, वरून चौफेर पट्टा बांधा. उरलेली वीतभर मातीही उन्हाला पुष्कळ थोपवते. स्लॅबवाल्यांनी होळीनंतर छताला चुन्याची पांढरी सफेदी द्यावी, दिवसा खिडक्या लावून रात्री उघडाव्यात. सफेदी पावसात धुपते. पुढच्या वर्षी पुन्हा द्यावी लागते.