केसकरांचा रेडिओ आणि करंजाड्याचा राउटर

गाणे वाजवून झाल्यावर ते कोणत्या चित्रपटातले आहे हे रेडिओवर सांगावे की नाही, हा प्रश्न आज कोणी विचारला तर हसू येईल. पण १९५०च्या दशकाच्या आरंभी याच प्रश्नावरून ऑल इंडिया रेडिओ आणि चित्रपट निर्माते एकमेकांसमोर उभे ठाकले होते. रेडिओची भूमिका अशी की, चित्रपटाचे नाव उच्चारणे म्हणजे त्याची जाहिरात करणे आणि सरकारी प्रक्षेपणात जाहिरातीला थारा नाही. गायकाचे नाव सांगू, चित्रपटाचे सांगणार नाही. नाव गाळता तर गाणीही वाजवू नका, असे निर्मात्यांनी बजावले आणि गाणी वाजवण्याची परवानगी काढून घेतली. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना त्याचे फारसे दुःख झाले नसावे. चित्रपटगीतांनी श्रोत्यांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे ठाम मत होते. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला आणि चित्रपटगीते सरकारी रेडिओवरून जवळजवळ नाहीशी झाली.

केसकरांची चेष्टा पुष्कळ झाली आहे. मला त्यांच्याविषयी थोडा आदर वाटतो, कारण जाहिरात कोठे सुरू होते हा प्रश्न त्यांच्या खात्याने गंभीरपणे घेतला. पण त्यांची गाळणी जाहिरातीबरोबर गाणेही गाळत होती, आणि गाणे हवे असलेला श्रोता ती चुकवून जाऊ शकत होता. तो रेडिओ सिलोनकडे गेला. महायुद्धाच्या काळात लष्करासाठी उभारलेले प्रक्षेपक कोलंबोत होते आणि त्यांचा लघुलहरी आवाज हिंदुस्थानभर पोचत असे. डिसेंबर १९५२मध्ये तेथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. कार्यक्रमाच्या नावातच टूथपेस्टचे नाव. अमीन सयानी कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित करत आणि फिती विमानाने कोलंबोला जात. मुंबईत तयार झालेली जाहिरात परदेशातून फिरून पुन्हा मुंबईतल्या चाळीत येत होती!

ऑल इंडिया रेडिओला जाहिराती नाकारणे परवडत होते, कारण खर्च दुसरीकडून भागत होता: सरकारी तिजोरीतून आणि श्रोत्याने दरवर्षी पोस्टात भरलेल्या परवाना शुल्कातून. जाहिरात नाकारणाऱ्या प्रत्येकाच्या हिशेबात असे एक दुसरे खाते सापडते. गांधीजींनी 'यंग इंडिया' आणि 'नवजीवन' या पत्रांतून पहिल्यापासून जाहिराती घेतल्या नाहीत. दोन्ही मिळून चाळीस हजारांच्या आसपास वर्गणीदार झाले होते, असे आत्मकथेत नोंदवले आहे. पत्रे त्या वर्गणीवर उभी होती. मराठीत नेमके उलट टोकही आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीहून निघालेली 'किर्लोस्कर खबर' मुळात कारखान्याचे पत्र होते, नांगर घेणाऱ्या गिऱ्हाइकापर्यंत पोचण्यासाठी काढलेले. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती त्याचे मराठीतले एक महत्त्वाचे मासिक झाले. म्हणजे जाहिरातीच्या पोटी साहित्य जन्माला आले. दिवाळी अंकांचे काय, हे वाचकाला सांगायला नको. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण कथा-कवितांबरोबर दागिने, तेले, बँका आणि शुभेच्छाही उलटत आलो आहोत. या लेखाच्या आजूबाजूलाही बहुधा एखादी असेल.

सरकारचाही निश्चय टिकला नाही. १९५७ साली 'विविध भारती' सुरू करून गाणी परत आणावी लागली, तीही केसकरांच्याच कारकिर्दीत. पुढे चंदा समितीने जाहिराती घेण्याची शिफारस केली आणि १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे, नागपूर या केंद्रांवरून 'विविध भारती'ची जाहिरात सेवा सुरू झाली. जाहिरातींसह सरकारी रेडिओ ऐकणारे देशातले पहिले श्रोते अशा रीतीने महाराष्ट्रातले. दूरदर्शनवर जाहिराती १९७६च्या जानेवारीत आल्या. रेडिओचा परवाना १९८०च्या दशकात रद्द झाला. पैसे भरणारा श्रोता गेला आणि जाहिरात राहिली.

या सगळ्या जाहिरातींत एक साम्य होते. त्या आंधळ्या होत्या. बिनाकाला माहीत नव्हते की गिरगावातल्या कोणत्या खोलीत कोण ऐकत आहे. ऑक्टोबर १९९४मध्ये अमेरिकेतल्या 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर पहिल्या पट्टी-जाहिराती झळकल्या (आपल्याकडे सामान्य ग्राहकाला इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ला मिळाले), त्याही बऱ्याचशा आंधळ्याच. थोड्याच वर्षांत जाहिरात वाचकाकडे बघू लागली. बातमीचे पान उघडले की पानाबरोबर इतर अनेक यंत्रांना निरोप जातात: कोणता फोन, कोणते गाव, आधी काय पाहिले, किती वेळ थांबला. नकाराचे कारण इथे बदलते. केसकरांना जाहिरात अभिरुचीला घातक वाटत होती. आजच्या वाचकाला ती पाळत ठेवते म्हणून नको आहे.

नकाराची साधनेही आली. फोनवरच्या विक्रेत्यांना थोपवण्यासाठी दूरसंचार नियामकाने २००७मध्ये राष्ट्रीय नोंदवही काढली. तिचा क्रमांक १९०९. पहिल्या दिवाळी अंकाचेच साल निघावे हा निव्वळ योगायोग, पण माझ्यासारख्या सनावळीत रमणाऱ्याला तो सोडवत नाही. ब्राउझरमधली जाहिरात पुसणारे 'अ‍ॅडब्लॉक' २००२ साली एका डॅनिश विद्यार्थ्याने लिहिले. मात्र ते ज्या ब्राउझरमध्ये बसवावे तेवढ्यापुरतेच चाले. टीव्ही आणि फोनमधली अ‍ॅप्स त्याच्या कक्षेबाहेर. संपूर्ण घराला एकच गाळणी लावण्याची कल्पना २०१५च्या सुमारास 'पाय-होल'मुळे हौशी लोकांत पसरली.

पनवेलला लागून सिडकोने वसवलेल्या करंजाड्यात मी राहतो. ही गाळणी माझ्या घरात राउटरशेजारी आहे. पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक, मोबाइलच्या चार्जरवर चालणारा. तो करतो ते काम तसे जुनेच आहे. इंटरनेटवर प्रत्येक नावामागे एक क्रमांक असतो. एके काळी ही सारी नावे अमेरिकेतल्या एका संशोधन संस्थेत ठेवलेल्या एकाच फाइलमध्ये मावत. यंत्रे वाढल्यावर, १९८३मध्ये, पॉल मॉकपेट्रिस यांनी त्यासाठी विखुरलेली व्यवस्था आखली. तिला डीएनएस म्हणतात. घरातला प्रत्येक फोन कुठेही जाण्याआधी नाव सांगून क्रमांक विचारतो. ही विचारणा माझ्या छोट्या संगणकाकडे येते. नाव जाहिरातवाल्याचे असेल तर तो क्रमांक म्हणून नुसती शून्ये देतो. फोन शून्याकडे जातो, तिथे कोणी नसते, जाहिरातीची जागा कोरी राहते.

जाहिरातवाला कोण, हे मात्र मी ठरवत नाही. जगभरातले स्वयंसेवक याद्या राखतात, त्यांतली स्टीव्हन ब्लॅक यांची यादी पाय-होलबरोबरच येते. पाळत नको म्हणून मी ज्यांच्यावर विसंबलो, त्यांनाही मी ओळखत नाही. फरक एवढाच की यादी उघडी आहे, वाचता येते, एखादे नाव खोडता येते.

केसकरांच्या रेडिओचे सगळे तंटे मग घरात लहान रूपात दिसू लागतात. खरेदीच्या शोधात सर्वांत वर येणारा दुवा बहुधा जाहिरातीचा असतो. तो दाबला की काहीच होत नाही, आणि आतल्या खोलीतून हाक येते. जाहिरात पाहिल्यावर बक्षीस देणारे मुलांचे खेळ अडतात. मग वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावर जाण्याची युक्ती घरातल्या प्रत्येकाला सापडते: रेडिओ सिलोन! काही संकेतस्थळे जाहिरात गाळली गेल्याचे ओळखून मजकूरच झाकतात, चित्रपट निर्मात्यांनी गाणी काढून घेतली तसे. यूट्यूबपुढे ही गाळणी हतबल आहे, कारण तिथे जाहिरात आणि चित्रफीत एकाच दारातून येतात. दार बंद करावे तर दोन्ही जातात. आणि वीज गेली, परत आली, राउटर चालू झाला पण छोटा संगणक उठलाच नाही, तर सगळे घर इंटरनेटविना. नावे विचारायची कोणाला?

२०१८च्या ऑक्टोबरमध्ये नावांची विचारणा कुलूपबंद करून पाठवण्याचे प्रमाण ठरले. वाटेतल्या कोणालाही, अगदी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीलाही, ही विचारणा वाचता येऊ नये हा त्यामागचा चांगला हेतू. पण एखादे अ‍ॅप किंवा टीव्ही याच वाटेने थेट बाहेर विचारू लागला की घरातल्या गाळणीलाही काही दिसत नाही. पाळत टाळणारा पडदा पाळत ठेवणाऱ्यालाही वापरता येतो.

याहून मोठी अडचण घराच्या आतली आहे. या छोट्या संगणकात प्रत्येक विचारणेची नोंद होते: कोणत्या फोनने, किती वाजता, कोणते नाव विचारले. रात्री कोण जागे होते, कोणी आजाराची माहिती शोधली, कोण नोकरीच्या संकेतस्थळावर रेंगाळले, हे सारे घरातल्या एका माणसाला बसल्या जागी वाचता येते. परक्या कंपनीची नजर अडवण्यासाठी बसवलेले यंत्र घरच्या कर्त्याला तीच नजर देते. आणि कंपनी निदान अनोळखी असते. रात्रीच्या जेवणाला समोर बसत नाही. ही नोंद पूर्ण बंद करण्याची सोय पाय-होलमध्ये आहे. ती बंद केली तर काय अडले हे शोधणे अवघड जाते, म्हणून बहुतेक हौशी लोक ती चालू ठेवतात. माझ्या मते इथे सोयीचा विचार करू नये. माझ्याकडे नोंद बंद आहे, आणि ती बंद आहे हे घरातल्या सर्वांना पडद्यावर दाखवून दिले आहे.

राहिला पैशांचा प्रश्न. मराठीत रोज विनामूल्य वाचायला मिळणारे बरेचसे जाहिरातींवर चालते, आणि माझ्यासारखे वाचक वाढले तर बातमीदाराचा पगार कमी होणार, हे आकडेमोड न करताही कळते. गांधीजींच्या वर्गणीदारांनी नकाराची किंमत वर्गणीने चुकती केली होती. गाळणी लावणारा सहसा काहीच भरत नाही. गाळणीत सूट देण्याचीही यादी असते. पण वर्तमानपत्राचे नाव सुटीत घालून भागत नाही, कारण ते अडलेलेच नसते. अडतो तो त्याच्या पानावर जाहिरात आणणारा परका दलाल, आणि त्याला सोडले की तो प्रत्येक पानावर सुटतो. छापील अंकातल्या पितळी भांड्यांच्या जाहिरातीला असा दलाल नव्हता. म्हणून दोन मराठी दैनिकांची वर्गणी मी आता भरतो. तिसरे वर्गणी घेतच नाही. ते मी घराबाहेर, मोबाइलच्या डेटावर, जाहिरातींसकट वाचतो.