बी, माती आणि नागसेनवन

तथागतांचा जन्म लुंबिनीत शालवृक्षाखाली झाला, त्यांना बोधी मिळाली ती पिंपळाखाली, आणि महापरिनिर्वाण झाले ते कुशीनगरला दोन शालवृक्षांमध्ये. इ.स. पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेला वड व आमराया लावल्या, विहिरी खोदल्या आणि त्याची नोंद दगडावर कोरून ठेवली. माणसांना व जनावरांनाही सावली मिळावी, हा हेतू त्याने स्पष्ट सांगितला आहे. तेव्हा झाड लावणे ही आपली फार जुनी रीत आहे.

'मिलिंदप्रश्न' या ग्रंथात राजा मिलिंद विचारतो, सगळी माणसं सारखी का नसतात? भदंत नागसेन उलट विचारतात, सगळ्या वनस्पती सारख्या का नसतात? राजा म्हणतो, बी वेगवेगळी असते म्हणून. माणसाच्या कर्माचेही तसेच, असे नागसेन सांगतात. पण इथे आपण सावध राहिले पाहिजे. गतजन्मीच्या कर्माने माणसाची आजची स्थिती ठरते, हे मत बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात नाकारले आहे. आपल्या आजा-पणजाच्या बीमध्ये काही खोट नव्हती. त्यांना माती आणि पाणी मिळू दिले गेले नाही, एवढेच.

ती माती बाबासाहेबांनी आपल्याच शहरात तयार केली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि परिसराला नागसेनाचे नाव मिळाले. परिसराला नाव देताना शब्द निवडला तो 'वन'!

आता आपल्या दारच्या गुलमोहराकडे पाहा. मूळचा तो मादागास्करचा, पण वैशाखात आपल्याकडे असा फुलतो की परका वाटत नाही. त्याची बी दगडासारखी टणक असते. तशीच मातीत टाकली तर कित्येक महिने पडून राहते. कानशीने तिची एक बाजू थोडी घासा, रात्रभर पाण्यात ठेवा आणि फुगलेली बी पिशवीत बोटाच्या एका पेराइतकी खोल लावा. आठ-दहा दिवसांत कोंब दिसू लागतो. दोष बीचा नव्हता, वरच्या कवचाचा होता!

गुलमोहर भराभर वाढतो, पण त्याची मुळे वरवर पसरतात आणि वादळात फांद्या मोडतात. म्हणून तो विहाराच्या भिंतीपासून लांब लावावा. सोबत आपल्या मातीतला बहावाही लावावा. त्याची बीही अशीच घासून भिजवावी लागते. तो सावकाश वाढतो, पण टिकतो.

रोप लावताना फोटो काढायला सगळेच येतात. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण घालणार, हे मात्र वर्धापनदिनीच प्रत्येक घराने ठरवून घ्यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!