गुऱ्हाळातली चावी

आज आपण धाराशिव जिल्ह्यातल्या गुऱ्हाळांकडे एका लहानशा तुकड्यातून पाहणार आहोत. गियर शाफ्टवर फिरू नये म्हणून दोघांच्या खाचेत बसवलेली लोखंडी पट्टी, म्हणजे चावी. वर्कशॉपमध्ये तिला 'की' म्हणतात.

जुन्या लाकडी चरकात चावी नव्हतीच. दाते रोलरच्याच लाकडात कोरलेले असत. १८७०च्या दशकात बिहारमधल्या बिहिया इथे थॉमसन आणि मिल्न यांनी बैलांचा लोखंडी चरक बनवला. पुढे असे चरक देशभर पसरले. लोखंडात रोलर वेगळा, गियर वेगळा, मग दोघांना बांधणार कोण?

आता थोडा हिशोब करू. समजा, बैलजोडी ३ मीटर दांडीच्या टोकाला १०० किलो जोर लावते आणि शाफ्ट ६० मिलिमीटरचा आहे. त्याची त्रिज्या ३ सेंटिमीटर, दांडीच्या शंभरावा भाग. म्हणजे चावीवर येतात १० टन! चावी १८ रुंद, ११ उंच, ९० मिलिमीटर लांब घेतली, तर कापली जाण्याच्या बाजूने ती तगते. पण खाचेत टेकते फक्त निम्मी उंची. तिथे दर चौरस मिलिमीटरला सुमारे २० किलो दाब येतो, आणि साधं पोलाद २५च्या आसपास कायमचं दबतं. एक हिसका पुरे. चावी नुसती लांब करूनही भागत नाही, कारण शाफ्टच्या दीडपटीपुढची लांबी फारसा भार घेत नाही. शाफ्ट ८० चा आणि चावी २२ बाय १४, लांबी १२० केली, की दाब ९ किलोवर येतो.

तरीही बैलांच्या काळात एक सोय होती, असं आम्हाला वाटतं. ऊस अडकला की बैल थांबत. पुढे डिझेल इंजिन आलं, मोटर आली. ती थांबत नाहीत. जड फ्लायव्हील तर अडकल्यावरही ढकलत राहतं. बैलाचं थांबणं आता चावीकडे आलं! म्हणून ती शाफ्टपेक्षा मऊ पोलादाची हवी. सारखी तुटते म्हणून कुणी कडक पोलादाची ठोकतं, मग चीर जाते शाफ्टला, तीही खाचेच्या धारदार कोपऱ्यातून. म्हणून कोपरे किंचित गोल ठेवायचे. (रोलरमध्ये सापडलेला हात मात्र कुठलीच चावी वाचवत नाही. त्यासाठी जाळीच हवी.)

ढोकीला तेरणा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा रोलर अजस्र झाले. प्रश्न मात्र गुऱ्हाळातलाच होता: ऊस अडकला तर आधी काय तुटावं?